आईचं गाणं आणि पुढच्या रांगेतली टोपी

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, इतकं ते खरं आहे! ऑकलंडमधल्या मांगेरेतल्या आमच्या चर्चच्या हॉलमध्ये हा कालाफी एकाच संध्याकाळी सिनेमाचा नायक झाला, विदूषक झाला आणि शेवटी संतही झाला. पेनी, लेका, दात काढू नकोस, कावा वाढ सगळ्यांना, घसे ओले होऊ देत. गराज माझं, कावा माझा, तेव्हा गोष्टही माझीच!

तर माझी नात सेइनी. जन्म ऑकलंडचा, आपली टोंगन भाषा बोलते ती दुसऱ्याचे बूट घालून चालल्यासारखी. एक दिवस कॅमेरा घेऊन उगवली.

"आजोबा, छोटासा सिनेमा करतेय. आपण बेटावरून इथे आलो, मग आता आपण कुठले? हा विषय."

"सोप्पंय. माझ्यावर कर!"

"तुमच्यावरच करतेय. पण खरं बोलायचं हं."

"मी कधी खोटं बोललो?"

पोरगी एवढी हसली, की त्या दिवशीच्या चित्रीकरणात नुसतं छतच आलं!

सिनेमाला गाणं हवं होतं. मी माळ्यावरून आईची कॅसेट काढली. त्या काळी बेटावरची माणसं पत्रं कुठे लिहायची, कॅसेटच भरून पाठवायची. आईनं स्वतः रचलेलं गाणं होतं त्यात, मागे कोंबड्यांच्या कोरससकट. ती कॅसेट मला पोचली आणि पाठोपाठ आई गेल्याची बातमी पोचली. माझी थोरली बहीण फूसी तेव्हा दुसऱ्या बेटावर नर्स होती. तिनं ते गाणं कधी ऐकलंच नव्हतं. देव तिला शांती देवो, गेल्या वर्षी तीही गेली. पण तेव्हा सिनेमाचं कळताच ऐंशीच्या घरातली ही बाई विमानात बसून आली!

"कालाफी, आईचा आवाज तेवढा ऐकव. तुझं थोबाड मी पुष्कळ पाहिलंय."

सेइनी म्हणाली, "आत्ताच ऐकवते, फोनवर आहे."

"छे!" मी गरजलो. "आमची आई काय फोनमध्ये कुजबुजणार? मोठ्या पडद्यावर, मोठ्या भोंग्यांतून ऐकायचं!"

फूसीचं परतीचं विमान सिनेमा दाखवायच्या रात्रीचंच. पण मी म्हटलं, चिंता नको. आता आमच्यात भाऊ-बहीण एका छताखाली बसून सिनेमा बघत नाहीत. पडद्यावर कधी काय दिसेल, काय नेम? त्यामुळे मी झकास योजना आखली. फूसी आत, मी मागच्या स्वयंपाकघरात, भाजलेल्या डुकराची राखण करत.

सिनेमा सुरू झाला. पडद्यावर मी शार्कला कानफटवल्याची हकीकत आली आणि हॉल हसून हसून फुटायला आला! आता नायकाच्या कानावर असं काही पडल्यावर त्याचे पाय जागेवर राहतील? म्हटलं, दाराच्या फटीतून एकच डोळा घालू. तेवढ्यात सेइनीच्या मित्रमंडळींनी मला हेरलं. सगळी इथेच जन्मलेली, रीतभात काय ठाऊक त्यांना!

"अरे, हीरो बाहेर काय करतोय? या, या, आजोबा!"

ओढत नेऊन थेट पुढच्या रांगेत बसवलं. अंधार हा असा! या बाजूला पेनी, त्या बाजूला होडीएवढी टोपी घातलेली कोणी बाई.

आणि पडद्यावरचा मी सांगायला लागलो, लोकरीच्या कारखान्यात गठ्ठ्यांमागे फोरमनच्या मेहुणीचा मुका कसा घेतला ते! अगदी हातवारे करून! मी मांडीवर थाप मारली. टोपी हळूच वळली.

फूसी!

मेहुणी पडद्यावर, बहीण बाजूला, आणि मध्ये मी, तव्यावरच्या माशासारखा! नेमक्या त्याच क्षणी भोंग्यांतून कोंबड्या ओरडल्या. आईचं गाणं सुरू होणार होतं.

दोघांपैकी एकालाच बसता येणार होतं. आणि मग, मंडळी, मी उठलो. कमरेत वाकून बाहेर गेलो. वाऱ्यात कुडकुडत उभा राहिलो. आत फूसीनं गाणं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ऐकलं, डोळे पुसले, आणि तृप्त मनानं विमानात...

"थापा मारू नकोस, कालाफी."

पेनीनं कावा वाढायची वाटी खाली ठेवली.

"तू उठला नाहीस. फूसी उठली. मीच तिला विमानतळावर सोडलं. वाटेत सारखी विचारत होती, पेनी, काय म्हटलं रे आईनं गाण्यात? मी काय सांगणार, डोंबल! सबंध गाणंभर तू माझ्या कानाशी भोकाड पसरलं होतंस!"