बिनटॅक्सची मोटार

रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी बापूसाहेब गल्लीच्या तोंडाशी चुन्याची रेघ ओढत. कबड्डीच्या मैदानावर ओढतात तशी, जाड आणि सरळ. रेघेच्या आत त्यांची गल्ली, बाहेर सरकारची सडक. सडकेच्या धुळीने ती संध्याकाळपर्यंत निम्मी पुसली जाई. दुसऱ्या दिवशी बापूसाहेब पुन्हा हजर. डोक्याला फेटा, अंगात बंडी आणि हातात चुन्याचं डबडं.

ही सगळी उठाठेव मोटारीपायी. बापूसाहेबांकडे एक जुनी काळी मोटार होती आणि तिचा टॅक्स त्यांनी कधी भरला नव्हता. त्यांचं म्हणणं असं, की टॅक्स हा सरकारच्या सडकेचा. मोटार आपली, जमीन आपली, गल्ली आपली. मग सरकार मधात कुठून आलं? त्यामुळे मोटार दारातून निघायची, गल्लीच्या टोकापर्यंत यायची, पुढची चाकं रेघेला टेकवून थांबायची आणि आल्या वाटेने उलटी जायची. एवढीच तिची मजल. तिचं पेट्रोलसुद्धा डब्यांतून बैलगाडीने येई. मोटार चालावी म्हणून बैल जुंपणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला.

मंगरूळपीरच्या शाळेत मी मास्तर म्हणून लागलो तेव्हा हे ध्यान पहिल्यांदा पाहिलं. मी किन्हीराजा गावचा. बाप कोरडवाहू शेती करायचा. अंगठ्याच्या जागी सही करणारा आमच्या घरातला मी पहिला, आणि बी.ए. होणारा तर आसपासच्या गावांतलाही पहिलाच असेन. हे मी लाजत सांगत नाही. रानात राबून शिकलेल्या माणसाला बसून खाणाऱ्याचा ताठा पाहवत नाही, आणि बापूसाहेबांकडे ताठ्याखेरीज काही काम नव्हतं. जमीन मक्त्याने दिलेली, मुली सासरी गेलेल्या. दिवसभर ते त्या गल्लीची राखण करत.

राखण कशी, तर गल्लीत परक्या माणसाचं पाऊल पडता कामा नये. दोन्ही टोकांना बाभळीचं आडवं लाकूड. एका बाजूला कापसाच्या गोदामाची भिंत, दुसऱ्या बाजूला पेरूच्या बागेची. दूधवाल्याने मागच्या दाराने यायचं. शेळी शिरली तर शेळीच्या मालकाचा उद्धार. खुद्द जावई एकदा पुढून आला, तर त्याला वळसा घालून मागून यायला लावलं. मोटारीचा विजेचा भोंगा कधीचाच मेला होता. त्याच्या जागी बापूसाहेबांनी स्टीअरिंगपाशी रबरी फुग्याचा भोंगा सुतळीने बांधला होता. रेघेवर कोणी नुसता रेंगाळला तरी तो तीनदा वाजे. लांब, रेकल्यासारखा. आणि मागून आवाज, "हद्द पाहून चाला."

हद्द हा त्यांचा आवडता शब्द. वाद घालायला जा, "हद्द पाहून बोला." पानाला चुना जास्त लागला, "हद्द पाहून लाव ना बे."

भाऊबंद लग्नसराईत मोटार मागायला यायचे. त्यांना एकच उत्तर, "टॅक्स नाई भरला बाप्पा. हद्दीच्या बाहेर नेली त जप्त होईन." भाऊबंद चरफडत छकड्यातून वरात न्यायचे. कंजूष म्हणून बापूसाहेबांची ख्याती पार कारंज्यापर्यंत पोचली होती आणि ती त्यांना बोचत असावी असं कधी वाटलं नाही.

आमचा मुलूख एका राज्यातून काढून दुसऱ्यात घातला त्या सुमाराला एकदा अकोल्याहून मोटार-इन्स्पेक्टर आला. गावाला करमणूक हवीच होती. सडकेवर ही गर्दी जमली. मीही छत्री घेऊन उभा राहिलो.

इन्स्पेक्टर वाकून म्हणाला, "बापूसाहेब, चाकं आत आहेत हे खरं. पण गाडीचं नाक रेघेच्या बाहेर आहे."

"नाक हवेत हाय," बापूसाहेब म्हणाले. "सडक जमिनीवर हाय. हवेचा टॅक्स सुरू झाला काय?"

लोक हसले. इन्स्पेक्टर तापला. "टॅक्स भरायला तुम्हाला अडचण काय आहे?"

"अडचन नाई. पन कोनाले भरू थे सांगा. काल आमी नागपूरच्या राज्यात होतो, आज मुंबईच्या राज्यात हाओ. आमाले कोनी विचारलं नाई. उद्या तिसऱ्याच्या राज्यात टाकान. एक ठिकान नक्की करा, मंग या."

शेवटी इन्स्पेक्टरने कायदा सांगितला. ज्या वाटेवर लोकांची ये-जा असते ती सार्वजनिक जागा. तिथे मोटार ठेवली की टॅक्स लागू. इथे लोकांची ये-जा आहे का? त्याने गर्दीकडे पाहिलं. गर्दीने माना हलवल्या. त्या गल्लीतून कोणी जातच नव्हतं. जाऊच कोण देत होतं? इन्स्पेक्टर रिकाम्या हाताने गेला, आणि बापूसाहेबांनी त्याच्या देखत गल्लीवरचं लाकूड आडवं टाकलं.

मला मात्र तिथेच सुचलं. गल्लीचं मागचं टोक शाळेच्या अंगाला निघत होतं. वस्तीवरची पोरं शाळेला येत ती नाल्यातून. पावसाळ्यात कमरेइतक्या पाण्यातून, दप्तर डोक्यावर घेऊन. गल्ली खुली झाली तर पोरं कोरड्या पायांनी शाळेत येतील, आणि गल्ली खुली झाली की कायद्याने मोटारीला टॅक्सही बसेल. एका दगडात दोन कामं. मी गावच्या कमेटीकडे अर्ज केला, पालकांच्या सह्या आणि अंगठे गोळा केले आणि बापूसाहेबांना तोंडावर जाऊन सांगितलं.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमी बी.ए. हा न?"

"आहे."

"मंग हद्द पाहून बोला."

बाजाराच्या दिवशी तर त्यांचा तमाशा पाहण्यासारखा असे. गल्लीसमोर, सडकेच्या पलीकडे आठवडी बाजार भरायचा. जेवणं झाली की मोटार रेघेपाशी येई आणि बाजार उठेपर्यंत तिथेच उभी राही. इंजिन बंद. मागच्या खिडक्यांना जाड निळे पडदे. समोरच्या काचेवर कलतं ऊन असं चमके की आतल्या बापूसाहेबांचा फेटासुद्धा धड दिसायचा नाही. लोक म्हणत, "बापूसाहेब बाजाराले आले." मी म्हणे, बाजार आपल्याला सलाम करायला भरतो असं यांना वाटत असेल.

पडदे कशाला, तर त्या घराण्यात बायकांना गोषा होता. तोही साधा नव्हे. त्या घरात लग्न होऊन आलेली बाई गावाला पुन्हा दिसायची ती चौघांच्या खांद्यावर. बापूसाहेबांच्या बाईसाहेब मी तोवर पाहिल्या नव्हत्या. गावात कोणीच पाहिल्या नव्हत्या. माझी आई डोक्यावर भाजीची पाटी घेऊन सगळा बाजार पायाखाली घालते, हव्या त्याच्याशी भांडते, हवं तिथे बसून पाणी पिते. शिकलेली नाही, पण मोकळी आहे. त्यामुळे या बड्या घरांच्या अब्रूचं मला कधी कौतुक वाटलं नाही.

कमेटीची सभा दुसऱ्या दिवशी होती. आदल्या दिवशी बाजार, म्हणून शाळा सकाळचीच. मी ठरवलं, गल्ली पावलांनी मोजून घ्यावी. सभेत उपयोगी पडेल. बापूसाहेब पुढच्या टोकाला मोटारीत बसलेले, म्हणजे मागचं टोक मोकळं. मी लाकडाखालून वाकून आत शिरलो. मोजत मोजत मोटारीच्या अगदी मागे येऊन पोचलो तेव्हा कुठे ऐकू आलं, की आत दोन माणसं बोलून राह्यली आहेत.

मागच्या पडद्याला फट होती. मागच्या सीटवर कोणी नव्हतं. बाईसाहेब पुढे बसल्या होत्या, बापूसाहेबांच्या बाजूला. डोक्यावर पदर नव्हता. केस पिकलेले, मोकळा चेहरा काचेकडे नेलेला, एखादं लहान पोर खिडकीला नाक लावतं तसा.

"काहो, थे टोपलेवाली बुढी आजबी नाई आली."

"येईन वं. बिमार असन."

"मागच्या बाजारालेबी नव्हती. गडी धाडा न पाह्याले."

"धाडतो."

"अन् कासाराचं अन् त्याच्या बायकोचं पुन्हा भांडन दिसते. पाह्य पाह्य, थे पाठ करून बसली." बाईसाहेब हसल्या. "पन बांगड्या लाल आनल्या त्यानं यंदा."

"घेऊ?"

"आता कायच्या लाल बांगड्या मले. नुसतं पाहून राह्यली."

मी जागचा हललो नाही. इतक्यात त्यांनी विचारलं, "तो छत्रीवाला मास्तर नाई दिसला आज. आपली गल्ली मांगते म्हने तो."

"तोच. खडूस हाय. बी.ए. झाला तं जमिनीवर पाय नाई त्याचे." बापूसाहेबांनी फेटा नीट केला. "पन पोरायसाठी मांगून राह्यला, सोतासाठी नाई. म्हनून राग बी धरता येत नाई लेकाचा."

"पोरं नाल्यातून येते म्हनते."

"हो."

"मंग देऊन टाका न."

"देल्ली त मानसं येतीन-जातीन. मंग तू कुठून पाहशीन?"

 बाईसाहेबांनी पुन्हा काचेकडे तोंड केलं. म्हणाल्या, "वाशीमची मोटार आज उशिरा आली." आणि बापूसाहेबांनी कोण उतरलं, कोणाच्या हातात काय होतं, ते सांगायला सुरुवात केली.

मी आलो तसा मागे गेलो. पावलांचा हिशेब डोक्यातून पार उडाला होता.

खरं सांगतो, मला त्या माणसाची कीव आली नाही. चीडच आली. इन्स्पेक्टरला भर गर्दीत हात हलवत परत पाठवणारा माणूस. सरकारला विचारतो की राज्य कोणाचं ते आधी सांगा. आणि चार भाऊबंदांपुढे बायकोला उघड्या तोंडाने सडकेवर न्यायची त्याची छाती नाही. मग काय करायचं? टॅक्स बुडवायचा, जावयाला वळसा घालायला लावायचा, गावाकडून कंजूष म्हणवून घ्यायचं, रोज सकाळी चुना लावायचा, आणि हे सगळं कशासाठी, तर एका बाईला आठवड्यातून एक दुपार काचेतून कांदे-बटाटे दिसावेत म्हणून. इतकी वर्षं इतका खटाटोप केला. त्याच्या निम्म्या हिमतीत रेघ ओलांडून झाली असती. असला भित्रा शूर माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण त्या रात्री मला झोप लागली नाही हेही खरं.

सभेत बापूसाहेब पहिल्या खुर्चीवर, काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. मी उभा राहिलो, पोरांची अडचण सांगितली, नाल्याची सांगितली. मग म्हणालो, "गल्ली खुली करावी. बाजाराचा दिवस सोडून."

अध्यक्षांनी चष्मा वर केला. "बाजाराचा दिवस काहून सोडून, मास्तर?"

"त्या दिवशी शाळा सकाळची असते. पोरं दुपारी उनाडतात. मोटार बाहेर उभी असते, काचा फोडतील."

"फोडू द्या न," मागून कोणीतरी म्हणालं. "बिनटॅक्सच्या हायेत." सभा हसली.

बापूसाहेब हसले नाहीत. ते माझ्याकडे पाहत राहिले. मी हद्द ओलांडली होती हे त्यांना कळलं असावं; कुठली, केव्हा, तेही कळलं असावं. मी "हद्द पाहून बोला"ची वाट पाहत उभा होतो.

"मंजूर," ते म्हणाले आणि काठी टेकत उठून गेले.

लाकूड निघालं. पोरं गल्लीतून यायला लागली. कायद्याप्रमाणे मोटारीला टॅक्स लागू झाला आणि गावाला वाटलं, आता खरी मजा. पण बापूसाहेबांनी नोटिशीची वाट न पाहता टॅक्स भरून टाकला. काचेवर बिल्ला लागला. आता मोटार अकोल्याला गेली असती, नागपूरला गेली असती, कोणी अडवलं नसतं. भाऊबंद लगोलग मागायला आले. बापूसाहेब म्हणाले, "इंजन बिघडलं बाप्पा."

पुढच्या बाजाराच्या दिवशी दुपारी मी मुद्दाम सडकेवर गेलो. गल्लीत लाकूड आडवं. ताजी चुन्याची रेघ. टॅक्स भरलेली मोटार रेघेला चाकं टेकवून उभी, बाजाराकडे तोंड करून. काचेवर ऊन.

या माणसाचं काही होणार नाही, असं मी मनात म्हणालो. मग छत्री मिटली आणि मोटारीच्या बरोबर समोर बसलेल्या पेरूवालीशी भाव करायला लागलो. एरवी मी घासाघीस करत नाही. त्या दिवशी हातवारे करून केली. पेरू उचलून उन्हात धरले, वास घेतला, परत ठेवले, रागावून दोन पावलं गेलो, परत आलो. पेरूवाली मला शिव्या द्यायच्या बेतात होती.

तेवढ्यात मागून भोंगा वाजला. तीनदा नाही, लांब नाही. एकदाच, अर्धवट, ज्याने कधी भोंगा दाबला नाही त्याने दाबल्यासारखा.

मी मागे वळून पाहिलं नाही. पेरूवालीला म्हणालो, "मावशी, भाव परत सांग."