घटना क्रमांक एक

सायबर सुरक्षेच्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना मार्गदर्शन व्हावं, म्हणून मी माझा अनुभव इथे नमूद करत आहे. अनुभव हा शब्द मी जपून वापरते. तो मिळवायला मला तीन वर्षं लागली आणि त्यातला एकही दिवस मी नोकरीत नव्हते.

शिक्षण संपलं तेव्हा माझ्याकडे एक पदवी आणि तीन प्रमाणपत्रं होती. एका मोठ्या संस्थेच्या माहिती सुरक्षा कक्षात कनिष्ठ विश्लेषकाची एक जागा निघाली. जाहिरातीत लिहिलं होतं : ‘फक्त नवोदितांसाठी. अनुभव किमान तीन वर्षे.’ मी ती वडिलांना दाखवली. ते शाळेच्या कचेरीत तीस वर्षं लिपिक होते. छापलेल्या मजकुरावर शंका घेणं त्यांच्या स्वभावात नाही.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “गेली तीन वर्षं जे नवोदित आहेत, त्यांच्यासाठी असेल. तू भर अर्ज.”

मामाचं मत वेगळं होतं. मामाचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान आहे. “महिनाअखेरपर्यंत वाट बघ. नाही जमलं तर एक तारखेपासून दुकानात ये. किल्ल्या घासायच्या. तीही सुरक्षाच आहे की.” आईने मान डोलावली आणि ठराव मंजूर झाला. दुकानात कमीपणा काही नव्हता. पण मी सगळ्या मैत्रिणींना सांगून बसले होते, की मी मोठमोठ्या संस्थांचं रक्षण करणार. मला ती नोकरी हवी होती. अगदी मनापासून हवी होती, हे कबूल करायला आता हरकत नाही.

अर्ज अकरा पानांचा होता. सुरक्षिततेच्या कारणास्तव त्यात पहिल्या शाळेचं नाव, पाळीव प्राण्याचं नाव आणि आईचं माहेरचं आडनाव विचारलं होतं.

“माझं माहेर त्यांना कशाला हवंय?” आईने विचारलं. “नोकरी देतायत की स्थळ बघतायत?”

मी सगळं खरं लिहिलं. अर्ज गेला. पडद्यावर माझा क्रमांक आला : चार हजार तीनशे बारा. हाच आकडा वर संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटीही दिसत होता. मी शिकलेली होते, म्हणून माझा हात तिकडे गेला. बाराचा अकरा केला. समोर दुसऱ्याच कुणाचा तरी अर्ज उघडला. फोटो, पत्ता, फोन, आईचं माहेर, कुत्र्याचं नाव. खात्री करायला अकराचा दहा केला. तोही उघडला. हे भगदाड आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, आणि असलं कुणी आता ठेवत नाही असंही सांगितलं होतं. मी लगेच सगळं बंद केलं.

“शेजाऱ्याचं दार सताड उघडं दिसलं, तर आपण सांगतोच ना?” मामा म्हणाला. “सांगून टाक.”

मीही मनात मांडे खात होते. सांगितलं, की ते म्हणतील शाब्बास, हीच मुलगी हवी. मी फोन लावला. तो भरती विभागातल्या बाईंनी उचलला.

“दोष कळवायचाय? कर्मचारी क्रमांक सांगा.”

“मी कर्मचारी नाही. उमेदवार आहे.”

“दोष फक्त कर्मचाऱ्याला कळवता येतो.” मग त्या थांबल्या. “म्हणजे दुसऱ्यांचे अर्ज तुम्ही पाहिले?”

“दोनच. चुकून एक, आणि खात्री करायला एक.”

“सोमवारी दहा वाजता या,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात एकाएकी आदर आला होता. मला वाटलं, जमलं.

सोमवारी दरवाज्यावरच्या पहारेकऱ्याने माझा फोन, पेन आणि डब्यातला चमचा काढून घेतला. वर माहिती सुरक्षा कक्षात भिंतीवर चौकटीत पाटी होती : ‘पासवर्ड कोणालाही सांगू नये.’ तिच्याखाली एका चिठ्ठीवर पासवर्ड लिहिलेला होता. मी तिकडे बघत राहिले, तेव्हा कक्षप्रमुख साहेबांनी खुलासा केला, “लिहून ठेवला, की कोणाला सांगावा लागत नाही.”

साहेबांनी कपाटातून एक जाडजूड नोंदवही काढली. ‘सुरक्षा घटना नोंद’ असं तिच्यावर लिहिलं होतं. सहा वर्षांत तिच्यात एक अक्षर पडलं नव्हतं. घटनाच नाही तर कक्ष हवा कशाला, असं वरून विचारलं जाऊ लागलं होतं आणि साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“तुम्ही देवासारख्या धावून आलात,” ते म्हणाले आणि सुवाच्य अक्षरात लिहू लागले. “घटना क्रमांक एक. बाहेरील व्यक्तीने दोन अर्ज पाहिले.”

“साहेब, दोष तुमच्या संकेतस्थळात आहे. घटना मी नाही.”

“संकेतस्थळ आपलं आहे. आपलं असलेलं घटना कसं होईल? घटना नेहमी बाहेरून येते. तुम्ही कुठून आलात?”

“बाहेरून.”

“झालं तर मग.”

ही घटना बंद कोण करणार, असं मी विचारलं. ते काम कनिष्ठ विश्लेषकाचं होतं. ती जागा रिकामी होती. माझ्या अर्जाचं काय, असं विचारलं. ज्याच्यावर घटना उघडी आहे, त्याचा अर्ज विचारात घेता येत नाही. मग उरलेल्या उमेदवारांतून कुणाला घ्या, असं मी अगदी रडकुंडीला येऊन सुचवलं. पण त्यांचे अर्ज बाहेर दिसत होते, म्हणजे ते बाधित ठरत होते, आणि चौकशी संपेपर्यंत बाधितांना हात लावायचा नव्हता.

“म्हणजे जागा भरल्याशिवाय घटना बंद होणार नाही,” मी म्हणाले, “आणि घटना बंद झाल्याशिवाय जागा भरणार नाही.”

साहेबांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. “तुमची समज चांगली आहे. मुलाखत झाली, तर हे नक्की सांगा.”

एक तारखेपासून मी मामाच्या दुकानात बसू लागले. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मात्र कक्षात हजेरी लावायची होती. घटना पळून जाऊ नये म्हणून.

मामाकडे धंद्याची एकच रीत होती. किल्ली घेऊन कुणी आलं, की आधी विचारायचं, दार कुणाचं. उत्तर देताना गिऱ्हाईक घुटमळलं, तर मामा मशीनला हात लावत नसे. कितीतरी गिऱ्हाइकं त्याने अशी परत पाठवली. मी ते शिकले आणि सोमवारी कक्षात जाऊन चिठ्ठीवरचा पासवर्ड बघत राहिले.

पहिल्या वर्षी मी तिथे उभी असे. दुसऱ्या वर्षी मला खुर्ची मिळाली, आणि तिसऱ्या वर्षी डबा ठेवायला एक खण. सगळे मला घटनाताई म्हणू लागले. पाहुणे आले, की साहेब मला दाखवत, “ही आमची घटना.” मग मी बाराचा अकरा करून दाखवायची. पाहुणे टाळ्या वाजवायचे. भगदाड कुणी बुजवलं नाही, कारण ते पुरावा होतं आणि चौकशी चालू असताना पुराव्याला हात लावणं गुन्हा होता.

तीन वर्षं भरली त्या सोमवारी भरतीच्या बाई स्वतः कागद घेऊन आल्या. “तुमच्यासाठी. आमच्या नोंदींप्रमाणे तुम्ही सुरक्षा घटनेत सलग तीन वर्षं सहभागी आहात. हा अनुभवाचा दाखला.”

मी पात्र झाले होते. घटना अजून उघडीच होती, पण निवड समितीने मार्ग काढला. घटना बंद करण्यासाठी घटनेचीच नेमणूक करायची. मुलाखतीत एकच प्रश्न होता.

“या प्रकरणातून तुम्ही काय शिकलात?”

“दिसलं तरी सांगू नये,” मी म्हणाले.

मला तो टोमणा मारायचा होता. तिन्ही सदस्यांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली आणि गोपनीयतेच्या रकान्यात पैकीच्या पैकी गुण दिले.

नोकरी लागली. आईने माहेरी फोन करून कळवलं. वडिलांनी नेमणुकीचं पत्र दोनदा वाचलं आणि जाहिरात पहिल्यापासून बरोबरच होती, असा निर्वाळा दिला. पहिल्याच दिवशी मी घटना क्रमांक एकवर ‘बंद’ असा शिक्का मारला आणि भगदाड बुजवण्याची टिपणी लिहिली. काम अर्ध्या तासाचं होतं.

साहेबांनी टिपणी वाचली. “बुजवा की. मी नाही म्हणत नाही. फक्त विचार करा. पहिली घटना तुम्ही बंद केलीत. दुसरी आता येणार नाही. घटना नाही, तर कक्ष नाही. आणि कक्ष नाही, तर...” त्यांनी नुसतं माझ्या खुर्चीकडे पाहिलं.

ती टिपणी विचारासाठी माझ्या खणात आहे. मला त्याची लाज वाटते. सुरुवातीला रोज वाटायची, आता फक्त सोमवारी वाटते.

“ते दार लावलंस का गं?” मामाने एकदा विचारलं.

“प्रक्रिया चालू आहे, मामा.”

मामा हातातली किल्ली घासत राहिला.

गेल्या आठवड्यात कक्षातला फोन वाजला. पलीकडे एक मुलगी होती. “मी आत्ताच अर्ज भरला. ते शेवटचा आकडा बदलला ना, की दुसऱ्यांचे अर्ज दिसतायत. मी दोनच पाहिले हो. म्हटलं, सांगावं.”

तिचा आवाज कापत होता, आणि त्या कापण्यातही शाब्बासकीची आशा होती. मी तो आवाज ओळखला. तिला सांगावंसं वाटलं, ठेव फोन, मी आत्ता बुजवते. मी खण उघडलासुद्धा. खाली टिपणी होती, पण तिच्यावर नोंदवही होती, आणि तीच आधी हाताला लागली.

“कर्मचारी क्रमांक सांगा,” मी म्हणाले.

तेव्हा नवोदितांनी खचून जाऊ नये. जागा एकच होती आणि ती भरली, पण तीन वर्षांनी दुसरी निघेल. अर्ज स्वीकारणं चालू आहे.

आणि ज्यांनी हे वाचत वाचत नाक मुरडलं, त्यांनाही एक सांगते. आमच्याकडे अर्ज केलेले बरेच जण आज ठिकठिकाणी चांगल्या हुद्द्यांवर आहेत. तुमचाही अर्ज आहे. आईचं माहेर तुम्ही खरं लिहिलंय आणि पासवर्डही तोच ठेवलाय. आकडा कुणी कधी बदलला, याची नोंद आमच्याकडे राहते. अर्ज भरलात त्या दिवशी दुपारी तुम्हीही बदलला होता. दुसऱ्याचा अर्ज दिसला, तुम्ही तो शेवटपर्यंत वाचला, मग बंद केलात आणि कुणाला काही बोलला नाहीत.

म्हणून तर तुमची तीन वर्षं वाचली.