कूसु उठलं का?

शरणप्पाकाका आमच्या दारात यायचे ते दाराकडे पाठ करून. तोंड जिन्याकडे, हात मागे बांधलेले, आणि प्रश्न भिंतीला विचारल्यासारखे. "कूसु उठलं का? पिलं का? परत झोपलं का?" घरात बाळंतीण, ती पाजत असली तर अवघडायला नको, म्हणून ही तऱ्हा. कूसु म्हणजे कानडीत तान्हं बाळ. माझ्या लेकीचं अनू हे नाव थाटात ठेवलं होतं, पण काकांच्या लेखी ती कूसुच.

भवानी पेठेत आम्ही टॉवेलच्या कारखान्यावर भाड्यानं राहायचो. खाली यंत्रमाग, वर आम्ही. काका तिथं जॉबर, म्हणजे अडलेला माग चालू करून देणारे. सकाळी यायचे आणि संध्याकाळी माग बंद झाले की दोन गल्ल्यांपलीकडे घरी जायचे. सगळी हयात शिफ्टमध्ये गेलेली, त्यामुळं त्यांचं जगही शिफ्टमध्येच चालायचं. कावळे दिवसपाळीला, कुत्री रात्रपाळीला. माझी सासू चार दिवस राहून परत गेली, तर म्हणाले, "बदली कामगार टिकला न्हाय व्हय?"

अनू रात्रपाळीला लागली होती. दिवसभर मागांच्या खडखडाटात गाढ झोपायची. संध्याकाळी खाली सामसूम झाली की डोळे टक्क उघडायचे, मग पहाटेपर्यंत घटकाभरानं दूध. मी तिचं पिणं-झोपणं मोबाइलवर नोंदवायची आणि दिवसा पडदे ओढून खोली अंधारी ठेवायची.

"उलटं करतीस, यव्वा," काकांनी भिंतीला सांगितलं. "दिवसा खिडकी उघड. बोल तिच्यासंगट. माग थांबले की कूसु रडतंय, मी खालनं ऐकतो की. पोटात असल्यापास्नं हीच खडखड ऐकलीया तिनं, तीच तिची अंगाई. रात्रपाळीवाल्याला दिवसपाळीत आणायचं तर हळूहळू आणायचं, एकदम न्हाय."

पुढं, ते घर सोडल्यावर, मी नेमकं हेच केलं आणि आठवडाभरात गुण आला. पण तेव्हा मला ऐकायचं नव्हतं.

लाईट गेली की काका लगबगीनं जिना चढून यायचे. तोवर मी पाजायला बसलेली, दार लोटलेलं. ते पाठ करून थांबायचे. दूध संपतंय तोच लाईट यायची, माग सुरू, अनू गुडूप. "ऱ्हाऊ दे," म्हणून ते उतरायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला चौकशीची खोडच आहे.

एका सकाळी, रात्रभर डोळा लागला नव्हता तेव्हा, मी बोलले. "काका, मी बी.कॉम. आहे. आमच्या घरात कॉलेज बघितलेली पहिली. मूल कसं झोपवायचं ते मला मागवाल्यानं शिकवू नये."

माझा बाप जन्मभर मागावरच राबला. त्याच्याच जिवावर मी कॉलेज बघितलं होतं.

काका पहिल्यांदाच वळले. माझ्याकडे बघितलं, पाळण्याकडे नाही. "व्हय की. बरोबर हाय," म्हणाले आणि उतरले. परत कधी वर आले नाहीत.

महिन्याभरात माझ्या नवऱ्याची करमाळ्याला बदली झाली. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा काकांच्या बायकोनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून आणली.

"काका रागावलेत ना?" मी विचारलं.

"राग कसला? तुझी पोरगी एकदा जागी बघायची होती त्यास्नी, एवढंच." काकू भाकरीच्या फडक्याची गाठ घट्ट करत राहिल्या. "आमची सरू झाली तवा ह्यांची कायम रात्रपाळी. सकाळी झोपायला आले की मी पोरगी उचलून शेजारी न्यायची. झोपमोड नको म्हणून. हे कामाला गेले की मग ती खिदळायची. वर्षभर लेकीचे उघडे डोळे त्यास्नी धड दिसले न्हाईत. मीच दिसू दिले न्हाईत म्हण की."

लाईट गेलेली होती आणि अनू टक्क जागी होती. मी तिला उचलून खाली नेलं.

काका बाकावर बसल्याबसल्या झोपले होते, मान छातीवर. उठवायचा धीर होईना. मी थांबले. तेवढ्यात लाईट आली, सगळे माग एकदम सुरू झाले. काका हलले नाहीत. अनूच्या पापण्या मात्र जड झाल्या. मी तिचे पाय हलवले, गालाला बोट लावलं. झोपलीच ती.

मग कुठल्याशा मागाचा ताल चुकला आणि काकांनी डोळे उघडले.

"चुकलं माझं, काका," मी त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हटलं. "उठवू तिला?"

"छे. प्रवास हाय तिला. झोपू दे." त्यांनी हात पुढं केला, बोटांचं तेल बघितलं, पँटला पुसलं, आणि तरी हात मागेच बांधले. "नाक तुझ्यावर गेलंय," म्हणाले आणि अडलेल्या मागाकडे गेले.

टेम्पो पेठेबाहेर पडला. मोठ्या रस्त्याला लागताच खडखड ऐकू येईनाशी झाली आणि अनूनं डोळे उघडले. काळेभोर, स्वच्छ.

कारखाना पाच मिनिटांवर होता. नवरा म्हणाला, "आधीच उशीर झालाय." मी थांबा म्हणायला पाहिजे होतं. मी पदर ओढला आणि तिला पाजायला घेतलं.