आईचं कोपर

औरंगाबाद शहरातल्या थोर माणसांना घडवण्याचं काम एकाच व्यक्तीनं केलं, आणि ते तिनं न्हाणीघरात जमिनीवर बसून, पाय पसरून केलं. निदान तिचं स्वतःचं मत तसं होतं.

केवळमावशी धावणी मोहल्ल्यात राहायची आणि गुलमंडीपासून औरंगपुऱ्यापर्यंतच्या तान्ह्या बाळांना न्हाऊ घालायची. निजामाच्या अमदानीत तिनं हे काम धरलं. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीतही खाडा केला नाही. मी तिला जवळून पाहिलं तोवर तिच्या पायांवरची बाळं वकील, मॅनेजर आणि पुढारी झाली होती. ती मात्र त्यांना अजून जुन्याच मापानं मोजायची. रस्त्यात एखादे नामांकित वकील दिसले की म्हणायची, "ह्याला पाण्याचं लई भ्या. तांब्या उचलला की निळा पडायचा." बँकेच्या मॅनेजरबद्दल तिचं मत चांगलं होतं. "गुणी लेकरू. तेल लावलं की झोपायचं. अजून तसंच हाय म्हणत्यात."

एकदा चौकात सभा होती. एक वयस्कर पुढारी गरजत होते की, आम्ही निजामापुढं कधी मान झुकवली नाही. मावशी बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिनं शेजारणीला सांगितलं, पण ऐकलं पाच-पंचवीस जणींनी : "चार महिने मान धरतच नव्हता. मी हात लावून होते म्हणून." त्या सभेतलं माझ्या लक्षात राहिलेलं हे एकच वाक्य आहे.

मीही तिच्याच पायांवरचा. पोलीस ॲक्शननंतर दुसऱ्या वर्षी माझा जन्म झाला. माझ्याविषयी ती सांगायची, "ह्यो मास्तर रडायचाच नाय. नुसता टकाटका बघायचा, जसं काय मीच चुकायलीय."

आम्हाला मुलगी झाली तेव्हा माझी आई हयात नव्हती आणि माझ्या बायकोला, सुनंदाला, माहेर उरलं नव्हतं. मुलगी दोन किलोला थोडी कमी. घरात आम्ही दोघं, दोघंही पुस्तकं वाचून शहाणे झालेले, आणि त्या ओल्या, निसरड्या जिवाला धरायचं कसं हे एकालाही ठाऊक नाही. सुनंदा तिला हातात घ्यायची तेव्हा श्वास रोखून धरायची. मी मावशीला बोलावून आणलं.

पहिल्या दिवशी मी तापमापक घेऊन न्हाणीघराच्या दारात उभा राहिलो. पाणी किती अंश असावं हे पुस्तकात दिलं होतं. मावशीनं त्या काचेच्या नळीकडे पाहिलं.

"हे काय?"

"पाणी मोजायला."

"तुझ्या चहात बुडीव ते. आन् दार लाव, वारं लागतंय लेकराला."

तिचं न्हाणं म्हणजे कचेरीचं कामकाज होतं. टॉवेल, झबलं, लंगोट, तेल, साबण सगळं हाताच्या अंतरावर मांडल्याशिवाय बाळ उचलायचं नाही. घंगाळात आधी थंड पाणी, मग बंबातलं कढत, उलट कधी नाही. तोंडावर धार धरायची नाही. कपाळाशी हाताचा आडोसा करायचा. नाका-कानात तेल घालणं तिनं एका डॉक्टरीणबाईचं ऐकून सोडलं होतं, आणि वर आपणच ते डॉक्टरीणबाईंना शिकवलं असं सांगायला लागली होती. नाळ ओली राहू द्यायची नाही. मान, काखा, जांघा टिपून कोरड्या करायच्या. आणि कुणी हाक मारली, दार वाजलं, तरी बाळ सोडून उठायचं नाही. "तहसीलदार आला तरी थांबल," ती म्हणायची.

या सगळ्याच्या वर एक विधी होता. पाणी तयार झालं की आईला पाटावर बसवायचं, तिच्या उजव्या कोपराला हळदकुंकू लावायचं आणि ते कोपर घंगाळात बुडवायचं. आईनं 'गोड आहे', म्हणजे सोसेल इतकंच गरम आहे, असं म्हटलं की मगच पाणी बाळाच्या अंगावर पडायचं. याला मावशी 'आईचा मान' म्हणायची. सगळ्या गल्लीला हा प्रकार फार आवडला होता. एका शास्त्रीबुवांनी तर हा संस्कार अतिप्राचीन असून मधल्या काळात लुप्त झाला होता, असं मला अर्धा तास समजावलं. मी शेजारच्या आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही. दोन वर्षांपासून निघालंय." म्हणजे शास्त्रीबुवांचा अतिप्राचीन काळ बराच अलीकडचा होता.

नवव्या दिवशी सुनंदाला सणकून ताप भरला. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. मावशी आली, मुलीला तेल लावलं, मी बंबाचं पाणी आणून दिलं. तिनं पाणी कालवलं आणि थांबली.

"पोरीला बोलीव."

"ती उठणार नाही, मावशी. ताप आहे तिला."

"मंग ऱ्हाऊ दे आज. पुसून घेते लेकराला."

खरं म्हणजे पुसून घेतलं असतं तरी काही बिघडलं नसतं. पण विधी दिसला की त्याला डिवचायची मला सवय आहे. मी म्हणालो, "इतकी वर्षं न्हाऊ घालतेस. एक दिवस तुझं कोपर चालणार नाही का? की तुझ्या कोपराला मान नाही?"

बाही सरकवून तिनं पूर्ण हात घंगाळात घातला आणि तसाच ठेवला. बराच वेळ. मी 'गोड हाय' ऐकायला थांबलो होतो. मुलगी तिच्या पायांवर उघडी पडलेली होती.

"तू घाल हात," ती म्हणाली.

मी बोटं बुडवली आणि किंचाळून बाहेर काढली. तिचा हात अजून पाण्यातच होता, कोपरापर्यंत लाल झालेला. मीच तो धरून वर काढला.

"दोन सालं झाली," ती म्हणाली. "हाताला कळतच नाय काही. गार नाय, गरम नाय."

"आणि तरी तू..."

"कढत वतलं नाय कधी. तुझ्या लेकीची आन. राजाबाजारात एका घरी वतणार व्हते. तांब्या उचलला व्हता. तेवढ्यात त्या माउलीचं कोपर चुकून बुडलं आन् ती वरडली." ती मुलीची मान सारखी करत होती. "दुसऱ्या दिसापासून मी कोपराला कुंकू लावाय लागले."

मला राग यायला हवा होता. तो आलाही. मी म्हणालो, "मग काम सोडायचं होतं, मावशी."

"सोडीन की." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "मंग लेकरू कोण देतंय मला हातात?"

आज ती नाही, म्हणून हे लिहितोय. ती होती तोवर मी हे सुनंदालाही सांगितलं नाही.

मी घंगाळात थंड पाणी ओतलं, ढवळलं, पुन्हा ओतलं. मग शर्टाची बाही वर केली आणि पाटावर बसलो. मावशीनं कुंकवाचा करंडा उघडला, थोडी थांबली, आणि माझ्या कोपराला लावलंच. पुरुषाच्या कोपराला हा मान त्या शहरात पहिल्यांदाच मिळत असावा. मी ते पाण्यात बुडवलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, निकालाची वाट बघणाऱ्या माणसासारखी.

"गोड आहे," मी म्हणालो.

तिनं एक हात मुलीच्या मानेखाली घातला, दुसऱ्यानं तांब्या उचलला आणि पाणी सोडलं. तिला गरम कळत नव्हतं, पण मान धरलेली बोटं जराही चुकत नव्हती. आम्ही दोघंही गंभीर होतो.

पाणी गारच होतं. मुलीला लागोपाठ तीन शिंका आल्या.