डब्याची आजीवन वर्गणी

माझा मुलगा लेनर्ड माझ्याकडे दुधाच्या खोक्याकडे बघावं तसा बघतो. आधी तारीख, मग हसू. तीस वर्षं आयुर्विमा विकतोय, त्यामुळे समोरच्याचं नाव विचारायच्या आधी तो वय विचारतो, आणि वय ऐकून नाव विचारायचं की नाही ते ठरवतो. परक्यांशी खुशाल वागावं असं, त्याचं पोट आहे ते. पण माझ्या ऐंशीव्या वाढदिवसाला, माझ्याच टेबलावर, मी केलेल्या खिमा भरलेल्या कोबीवर ताव मारत त्याने माझी तारीख काढली.

त्या दिवशी त्याने मला एक काळा डबा भेट दिला. टीव्हीखाली ठेवायचा. आपण घरात नसलो तरी डबा कार्यक्रम टिपून ठेवतो आणि आलो की दाखवतो. मला त्याची गरज होती, खोटं कशाला बोलू? दर शुक्रवारी दुपारी आम्ही बायका चर्चच्या तळघरात पिरोग्या करतो. बटाटा आणि चीजचं सारण भरायचं, कडा मुरडायच्या, एका दुपारी नऊशे. आणि नेमकी दोन वाजता माझी मालिका लागते. सव्वीस वर्षांत मी शुक्रवारचा भाग पाहिलेला नाही. मालिकेतली माणसं शुक्रवारी मरतात आणि मला सोमवारी थेट त्यांच्या दफनाला हजर राहावं लागतं.

डबा भेट होता, पण डब्याला कार्यक्रमांचं वेळापत्रक पुरवायची वर्गणी वेगळी. एक दरमहा, एक आजीवन.

"दरमहाच घेतलीय, आई," लेनर्ड म्हणाला. "तुझ्यासाठी तीच बरी."

"का रे?"

"आजीवनचे पैसे वसूल व्हायला तेवीस महिने लागतात. त्याच्या आत... म्हणजे आधीच बंद करायची वेळ आली, तर नुकसान."

"बंद कोण करणार आहे?"

"लेनी, बटाटे घे," माझी सून आर्लीन म्हणाली. टेबलाखाली तिने त्याला लाथ मारली असावी, कारण ती मला लागली.

"तसं नाही गं, आई. मी तक्ता पाहिला."

"कसला तक्ता?"

"ऑफिसचा."

म्हणजे माझ्या पोटच्या पोराने भेटीला रिबीन बांधायच्या आधी तक्त्यात माझं मरण शोधलं होतं.

"आणि आजीवन म्हणजे डब्याचं जीवन बरं का, तुझं नव्हे," माझं सांत्वन करावं म्हणून तो पुढे म्हणाला. "डबा गेला की वर्गणी गेली."

तेव्हा आधी कोण जाणार, डबा की मी, एवढाच विषय होता. आणि लेनर्डच्या मते तो विचार करण्याइतका अवघड नव्हता.

आता या बाबतीत मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. माझा नवरा टेड १९८१ साली गेला, तेव्हा मी कबरीवर जोडीचा दगड बसवला. डावीकडे तो, उजवीकडे माझं नाव, जेनोवेफा मादेय, जन्म १९२४, पुढे एक रेघ. दगडवाला म्हणाला, "बाई, मृत्युसालाचे पहिले दोन आकडे आत्ताच कोरून घ्या, सवलतीत बसतील. एकोणीस तर नक्कीच आहे." मी तेव्हा सत्तावन्न वर्षांची. मलाही एकोणीस नक्की वाटलं. उलट आणखी घासाघीस करून मी रेघ फुकटात पाडून घेतली आणि घरी येताना स्वतःच्या हुशारीवर खूश होते.

मग २००० साल उजाडलं आणि मी नियमबाह्य ठरले. दफनभूमीच्या ऑफिसातून पत्र आलं: 'आपल्या स्मारकावरील नोंदीनुसार आपले निधन मागील शतकात होणे अपेक्षित होते. सदर विसंगतीबाबत खुलासा करावा.' सोबत फॉर्म होता. 'विलंबाचे कारण' या रकान्यात मी लिहिलं, अजून जिवंत. दुसरं पत्र आलं: 'कारण ग्राह्य धरण्यात येत आहे, तथापि त्याच्या पुष्ट्यर्थ कागदपत्र जोडलेले नाही.' आकडे बुजवून नवे कोरायचा खर्च मी वाचवलेल्या सवलतीच्या अकरा पट होता. मी तो केला नाही. दगडावर अजून एकोणीसच आहे, आणि मी बफेलो शहरात रस्त्यावरून राजरोस फिरते आहे.

एकदा स्वतःविरुद्ध पैज लावून हरले होते. पुन्हा तीच चूक मुलाला करू देणार नव्हते. दुसऱ्याच दिवशी मी कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक मुलगी आली.

"मला आजीवन पाहिजे," मी म्हटलं.

"जरूर, मॅडम. ते यंत्राच्या आयुष्यापुरतं असेल."

"ठाऊक आहे. यंत्राचं आयुष्य किती?"

"ते आम्ही सांगू शकत नाही, मॅडम."

"मग माझ्या मुलाला नोकरीला ठेवा. तो सांगतो."

पैसे मी बिस्किटांच्या डब्यातून काढले. त्यात माझ्या दफनानंतरच्या जेवणाची रक्कम होती: हॅम, सॉसेज, राय धान्याचा ब्रेड, साठ माणसं. पैसे गेल्यावर लक्षात आलं की आता मरायची सोयच उरली नाही. लोकांना जेवायला काय घालणार? निदान तेवीस महिने तरी डबा आणि मी, दोघांनाही टिकणं भाग होतं.

शुक्रवारी तळघरात मी ही बातमी ऐटीत सांगितली. समोर पीठ लाटणारी ब्रोन्या मान हलवू लागली. ब्रोन्याला वाईट बातमी देताना नेहमी मान हलवायची असते, म्हणजे नंतर रडायला बरं.

"आजीवन? अगं जेना, माझ्या भावाचा डबा चौदा महिन्यांत गेला. आत तबकडी असते ना, ती फिरून फिरून झिजते."

"सारखी फिरते?"

"टिपताना फिरते, दाखवताना फिरते. जितकं बघशील तितकी मरते."

मी हातातली पिरोगी इतकी जोरात मुरडली की सारण बाहेर आलं.

त्या दिवसापासून मी डब्याची निगा राखू लागले. माझ्या घरात वस्तू कशा राखतात ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. बैठकीतला सोफा १९६६ सालचा आहे आणि त्याच्यावर दुकानातलंच जाड प्लास्टिक आहे. उन्हाळ्यात ते मांड्यांना चिकटतं, उठताना चर्र आवाज होतो, पण आतलं गुलाबी कापड आजही नवं आहे. टेड पंधरा वर्षं त्या सोफ्यावर बसला. कापडावर एकदाही नाही.

डब्याच्या रिमोटला मी प्लास्टिकची पिशवी घातली. डब्याखाली चार बुचं ठेवली, गरम होऊ नये म्हणून. आणि काही टिपायचं नाही, असं ठरवलं. तबकडी झिजते. पण शुक्रवारचा भाग तर पाहायचा होता, त्यासाठीच एवढा खटाटोप केला होता. तेव्हा मी शुक्रवारी तळघरात जाणं बंद केलं आणि दोन वाजता घरी बसून मालिका सरळ टीव्हीवर पाहू लागले. डब्याला त्रास नाही.

हे वाचून हसू नका. मला त्या वेळी ते अगदी शहाणपणाचं वाटत होतं.

आधी ब्रोन्याचे फोन यायचे. "येतेस का? कडा मुरडायला कुणी नाही. नव्या पोरी चमच्याने दाबतात." मी म्हणायचे, गुडघा दुखतोय. दोन-तीन महिन्यांनी फोन थांबले. मग मी डब्याची वायरही काढून ठेवली, उगाच कशाला वीज पाजायची? तर कंपनीचं पत्र: 'आपल्या यंत्राने नव्वद दिवसांत आमच्याशी संपर्क साधलेला नाही. यंत्र मृत समजून आजीवन सेवा समाप्त करण्यात येईल. जिवंत असल्यास पुरावा द्यावा.'

दफनभूमीचं जुनं पत्र काढून स्वयंपाकघराच्या टेबलावर मी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली. एक विचारत होतं, मी अजून का मेले नाही. दुसरं विचारत होतं, डबा मेला की काय. नव्वद दिवसांत आमच्याशी तरी कुणी संपर्क साधला होता! मी वायर लावली. डब्याने पाच मिनिटं कंपनीशी बोलून घेतलं. त्या आठवड्यात घरात झालेलं तेवढंच संभाषण.

तेविसावा महिना भरला त्या रविवारी मी लेनर्ड आणि आर्लीनला जेवायला बोलावलं. इस्त्रीचा टेबलक्लॉथ घातला, केस सेट करून आले. जेवण झालं. मग उठून टीव्हीसमोर उभी राहिले.

"लेनर्ड, आज तेवीस झाले. मी आहे, आणि डबाही आहे. तुझ्या ऑफिसला कळव."

"अरे वा!" तो खरंच खूश झाला, हे मला कबूल करावं लागेल. "बघू तरी." तो प्लास्टिकच्या सोफ्यावर चर्रकन बसला, पिशवीतला रिमोट दाबला. डबा पहिल्या दिवसासारखा सुरू झाला. पडद्यावर यादी आली. यादीत एकच ओळ होती: बोलिंगची स्पर्धा, अर्धा तास. माझ्या वाढदिवसाला त्यानेच चाचणी म्हणून टिपलेली.

तो यादी खाली सरकवत राहिला. खाली काही नव्हतं.

"आई, मग दोन वर्षं तू पाहिलंस काय?"

"वापरलाच नाही. राखला."

"आणि शुक्रवारी? ब्रोन्या भेटली होती, म्हणाली तू येतच नाहीस. तिला वाटतंय तू आजारी आहेस."

आर्लीन ताटल्या उचलायला लागली. आमच्याकडे बोलण्यासारखं काही नसलं की आर्लीन ताटल्या उचलते. मी लेनर्डकडे बघत राहिले. गुलाबी कापडावर नव्हे, प्लास्टिकवर, अगदी बापाच्या जागी, बापासारखाच पाय आवळून बसला होता.

"लेनर्ड," मी म्हटलं, "तुझा तक्ता बरोबर होता. तेवीस महिने मी काही जगले नाही. मेलेही नाही, तेवढी फक्त तुझी चूक झाली. आता ऊठ. शुक्रवारी दोन वाजता मालिका टिपायला लाव, मला तळघरात जायचंय. दगडवाल्याला फोन कर, एकोणीस बुजव म्हणावं आणि पुढे जागा मोकळी सोड. आणि त्या सोफ्याचं प्लास्टिक काढ, नवऱ्याला नाही तर निदान मुलाला तरी कापडावर बसलेला बघते. पण हळू काढ. फाडलंस तर बघ. तू गेल्यावर परत घालायचंय."