हट्टी कडी

बेडरूमच्या दाराची उभी कडी गेली पाच वर्षं गंजून कुरकुरत होती, आणि इंजिनिअर सोडून घरात कुणाचंच तिच्याशी वाकडं नव्हतं. त्याच्या कारखान्यात पत्रा कापायच्या एका यंत्राच्या पोलादी पिनसाठी लेप निवडायचा होता. पिन सहज सरकायला हवी आणि झिजायला नको. तीन लेपांपैकी काळा सर्वांत गुळगुळीत निघाला, तेव्हा कुतूहलापोटी त्याने घरची कडीही काळी करून आणली. हातासरशी खिडकीची वरची कडीसुद्धा!

"हात लावून बघ ना!"

बायकोने बोट लावलं. कडी सुळकन खाली आली. "अगंबाई! हिला काय झालं?"

सासूबाई चष्मा नाकावर घेऊन वाकल्या. "जावईबापू, आता ही वर कशाच्या जोरावर राहायची? हिची खाच तर कधीच मोडलीय."

"राहील हो, आई," तो म्हणाला. त्याचं सगळं लक्ष मोजण्यात होतं. चारशे वेळा खालीवर करूनही दांड्यावर ओरखडा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टॉवेल गुंडाळून आंघोळीहून बाहेर येतो न येतो तोच वाऱ्याने दार धाडकन आपटलं. आत कडी पडल्याचा आवाज झाला. दार आतून बंद, आणि आत कुणीच नाही! आत होती ती त्याची पँट, मोबाइल आणि दहाच्या बैठकीची फाइल.

"दार तोडू या का?" बायकोने विचारलं.

"नऊ वाजलेत. सुतार कधी येणार?" त्याचा चेहरा रडवेला झाला.

सासूबाई मात्र काठी टेकत गॅलरीत गेल्या. त्यांनी बेडरूमच्या बंद खिडकीच्या चौकटीवर काठीचे दोन ठोके दिले. टक, टक. आतली कडी घसरली आणि खिडकी उघडली.

"आई! हे कसं सुचलं?" त्याने विचारलं.

"त्यात काय? दाराची कडी खाली पडून लागते. हिची लागते वर सरकवून. मग ही पडली की उघडणारच ना!"

टॉवेल सावरत तो खिडकीवर चढला खरा, पण एक पाय आत, एक बाहेर असा तिथेच थबकला. कारखान्यातली पिन आडवी की उभी? तीन महिने तो आडव्या पट्टीवर लेप घासून बघत होता. हे विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं.

बैठकीत त्याने पहिला प्रश्न तोच विचारला.

"उभी," साहेब म्हणाले. "पातं वर थांबतं ते तिच्याच पकडीवर. खाली कामगार हाताने पत्रा सरकवतो. का हो?"

इंजिनिअरने घाईने पेन काढलं. त्याने फाइल उघडली आणि काळ्या लेपाच्या शिफारशीवर आडवी रेघ मारली. त्याखाली जरा पकड ठेवणारा करडा लेप लिहिला. मात्र 'तपासणी कोणी केली' या रकान्यात स्वतःचं नाव लिहायला त्याचा हात धजेना.

संध्याकाळी त्याने तो कागद सासूबाईंपुढे धरला. "आई, इथे सही तुमची हवी."

त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला, पेन उचललं आणि दाराकडे बोट दाखवलं.

"करते. पण आधी माझ्या कडीचा गंज परत आणून द्या."