बाथरूममधले बाबा

मडक्याच्या गळ्याशी, डाव्या बाजूला, एक पांढरा केस उगवला होता. जिऱ्याएवढा, किंचित वाकडा. वासंतीने भिंग लावून पाहिलं. काल संध्याकाळी तो तिथे नव्हता.

"मीठ!" ती समाधानाने म्हणाली.

"केस आहे तो," दारातून राधा म्हणाली. तिची दहावीतली मुलगी. आत पाऊल टाकायला तयार नव्हती.

हे मडकं मानेसरला एका कारखान्याचा पाया खणताना निघालं होतं. तोंडावर मातीचं झाकण, कडेने लिंपून घट्ट बसवलेलं. 'यमुनाकाठ पुरातत्त्वज्ञ मंडळा'ने धावत जाऊन ते ताब्यात घेतलं, आणि मग मंडळाच्या लक्षात आलं की आपल्याला कार्यालयच नाही! वासंती मंडळाची चिटणीस, नोकरीने सरकारी प्रयोगशाळेतली रसायनतज्ज्ञ. आणि गाझियाबादच्या नव्या सोसायटीत तिच्या फ्लॅटला चक्क दोन बाथरूम! मंडळाने त्यातलं एक तात्काळ पुरातत्त्वीय महत्त्वाचं ठरवलं.

"दोन आठवडे फक्त," अध्यक्ष गुणवंतराव म्हणाले होते. त्याला आता दोन वर्षं झाली होती. मडकं उघडायचं की नाही, एवढंच ठरायचं होतं. पण दर बैठकीत हा विषय शेवटी यायचा. तोवर समोसे संपलेले असायचे आणि गुणवंतराव घसा खाकरून म्हणायचे, "घाई नको. पुढच्या बैठकीत बघू."

जूनमध्ये कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसमध्ये मंडळाचं वार्षिक अधिवेशन होतं. तिथे मडकं मांडायचं होतं, आणि नेमका त्याला केस फुटला!

"मुरलेलं मीठ बाहेर येतंय, सर," वासंतीने फोनवर सांगितलं. "टबात गळ्यापर्यंत पाण्यात ठेवायचं, रोज पाणी बदलायचं. पंधरा दिवसांत तुकतुकीत करून देते!"

एरवी मोजून बोलणारी बाई. पण त्या दिवशी एवढं बोलून गेली.

तिसऱ्या दिवशी केसांचा झुपका झाला. सहाव्या दिवशी दाढी. शिवाय मडकं टिकटिकायला लागलं. कूलर चालू असला की गप्प. लाइट गेले, कूलर थांबला, की दहा मिनिटांत आतल्या बाथरूममधून टिक्... टिक्... जणू कुणी नखाने दार वाजवतंय.

"लाइट गेले की ते जागं होतं, आई!"

"हवा कोरडी होते. मीठ फुलतं, कपचे उडतात. त्याचा आवाज."

"तू एक्सप्लेन केलंस की जास्त भीती वाटते यार," राधा म्हणाली. त्याच संध्याकाळी ती पुस्तकं घेऊन आर. के. पुरमला मावशीकडे गेली. "ते मडकं गेलं की सांग. तोवर मी नाही येणार. बिल्कुल नाही."

मुलीविना घर एकदम मोठं वाटायला लागलं. रोज संध्याकाळी राधाचा फोन यायचा. "ठरलं?" एवढंच विचारायची. वासंती म्हणायची, "पुढच्या बैठकीत." आणि फोन खाली ठेवला जायचा.

तेवढ्यात समोरच्या तोमर आंटी विरजण मागायला आल्या, हात धुवायला म्हणून चुकीच्या बाथरूममध्ये शिरल्या आणि किंचाळल्या, "हाय राम! बाबा!"

"आंटीजी, नमक है," वासंती म्हणाली.

"नमक की दाढ़ी? हमें मत सिखाओ दीदी!" आंटींनी तिथेच डोक्यावर पदर घेतला आणि बाबांकडे सोसायटीची बंद लिफ्ट मागितली.

दुर्दैव असं, की त्याच दिवशी लिफ्ट चालू झाली!

मग काय विचारता! सकाळपासून रांग. कमोडच्या झाकणावर झेंडू, गीझरला लाल धागा, टूथब्रशच्या पेल्यात उदबत्त्या.

वासंतीचा नवरा विनय टॉवेल गुंडाळून रांगेच्या शेवटी उभा. "मला ऑफिसला जायचंय," तो कळवळून म्हणाला. "दुसऱ्या बाथरूमच्या नळाला पाणी नाही. बाबांना विचार, बादलीभर मिळेल का."

वासंती मात्र तिच्या चाचणीत गुंतलेली. टबातल्या पाण्याचा रोज नमुना घ्यायचा, त्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचा. जितकं मीठ, तितकं पाणी पांढरं. पांढरटपणा दिवसेंदिवस कमी व्हायला हवा. तो वाढत होता! तेराव्या दिवशी तिने घाईत परीक्षानळी नळाखाली धरली आणि थेंब नुसत्या नळाच्याच पाण्यात पडला. पाणी दुधासारखं झालं!

ती टबाच्या काठावर बसली. नव्या सोसायटीची बोअरवेल! मडक्यापेक्षा नळच खारट! वीस वर्षं रसायनशास्त्रात घालवलेल्या बाईने रोज मडकं तपासलं, पाणी एकदाही तपासलं नाही. तेरा दिवस ती बाबांना मीठ चारत होती!

तिने मडकं उचलून बाहेर काढलं. आणि आत काहीतरी सरकलं.

दोन वर्षांत ते कधीही सरकलं नव्हतं.

रविवारी दुपारी कार्यकारिणी तिच्याच हॉलमध्ये जमली. ओल्या पंच्यात गुंडाळलेलं मडकं स्टुलावर, भोवती खुर्च्या. बाहेर जिन्यात तोमर आंटींची मंडळी भजन म्हणत होती. समोसे संपत आले, आणि लाइट गेले. कूलर घरघरत थांबला.

टिक्.

"मीठ," गुणवंतराव सगळ्यांना धीर देत म्हणाले.

टिक्... टिक्... आणि मग आतून, अगदी बारीक, किण्.

"हेही मीठच ना हो, वासंतीबाई?"

"नाही सर," वासंती म्हणाली. "शंखाची बांगडी असावी. लहान मापाची. आत माती भरलेली होती, तिने सगळं जिथल्या तिथे धरून ठेवलं होतं. मी पाणी मुरवलं, माती विरघळली. आता ते मोकळं झालंय."

"सगळं म्हणजे काय?"

"मडक्याच्या मापावरून सांगते. वर्षाच्या आतलं मूल. जुन्या काळी असं मडक्यात पुरायचे."

कुणाच्या हातातला समोसा हातातच राहिला. जिन्यात दाढीवाल्या बाबांचा जयजयकार झाला. खजिनदार उगाचच चपला शोधू लागले.

गुणवंतरावांनी घसा खाकरला. "तर मंडळी, विषय गंभीर आहे. घाई नको. पुढच्या..."

किण्.

स्टुलाला कुणाचाही हात लागला नव्हता. सगळ्यांनी वासंतीकडे पाहिलं. हिच्याकडे तरी काही कारण असेल! कोरडी हवा, खारं पाणी, काहीही!

तिच्याकडे कारण नव्हतं. मग, दोन वर्षं दुसऱ्यांचीच मतं टिपत आलेली ती बाई ताडकन उभी राहिली.

"उघडायचं नाही, सर. अधिवेशनात मांडायचंही नाही. मानेसरला नेऊन परत पुरायचं," ती म्हणाली. "आणि आत्ताच. उजेड आहे तोवर!"